वाक्याचे तोंड अध्यक्षांकडे: सभागृहात सहकाऱ्यांचा उल्लेख कसा करावा

प्रश्न दोन भागांत आहे. सदस्य समोरासमोर बसलेले असताना एकमेकांशी थेट न बोलता प्रत्येक गोष्ट ‘अध्यक्ष महोदय’ म्हणत का सांगतात, हा पहिला भाग. दुसरा भाग व्यवहाराचा आहे. पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याने, त्याचे मुद्दे काढून देणाऱ्या सहायकाने किंवा महाविद्यालयाच्या अभिरूप संसदेत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने मंत्र्यांचा, शेजारच्या सदस्याचा, दुसऱ्या सभागृहाचा, अधिकाऱ्यांचा उल्लेख नेमका कोणत्या शब्दांत करायचा? हे उत्तर महाराष्ट्र विधानमंडळ आणि संसद यांना धरून आहे. ब्रिटनची पद्धत तुलनेपुरतीच येईल.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. संसदीय भाषा म्हणजे ‘माननीय’ हा शब्द जमेल तितक्या वेळा म्हणणे, असे बऱ्याच जणांना वाटते. ‘माननीय’ वीस वेळा म्हणूनही भाषण असंसदीय होऊ शकते, आणि दोनदाच म्हणून ते पूर्ण नियमात बसू शकते. खरा प्रश्न वाक्याचे तोंड कुणाकडे आहे हा असतो. सभागृहातले प्रत्येक वाक्य पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे आसनावर बसून सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींना, उद्देशून असते. बाकी सगळे, मुख्यमंत्र्यांपासून शेवटच्या बाकावरच्या सदस्यापर्यंत, त्या वाक्यात तृतीयपुरुषी येतात. एवढे अंगवळणी पडले की निम्म्या चुका होतच नाहीत.

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत हे तीन ठिकाणी आले आहे. नियम ३४९ सदस्याच्या वागण्याचा आहे: आत येताना-जाताना आसनाला मान लववावी, बोलणारा सदस्य आणि आसन यांच्यामधून जाऊ नये, नेहमी अध्यक्षांना उद्देशून बोलावे. नियम ३५१ सांगतो की सदस्याने आपल्या जागेवरून, उभे राहून, अध्यक्षांना संबोधून बोलावे. आजारी किंवा अशक्त सदस्याला बसून बोलण्याची परवानगी मिळते. नियम ३५५ प्रमाणे दुसऱ्या सदस्याला काही विचारायचे असेल तर तेही अध्यक्षांमार्फत. राज्यसभेत आणि आपल्या विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांत तत्त्व हेच आहे.

कारण अगदी व्यवहारी आहे. ‘तुम्ही पाच वर्षांत काय केलंत?’ असे विचारले की समोरचा माणूस उत्तर देतो, आणि ते बहुधा ‘तुमच्या काळात काय झालं होतं’ इथून सुरू होते. ‘मागील पाच वर्षांत या योजनेवर किती खर्च झाला?’ असे विचारले की खात्याला आकडा द्यावा लागतो. तृतीयपुरुषामुळे प्रश्न माणसावरून उचलून कामावर ठेवला जातो. सदस्यांना हे अवघडलेले वाटते, पण ज्याला खरोखर उत्तर हवे आहे त्याच्या हातातले हे सर्वात चांगले साधन आहे.

आता मराठीची खास अडचण. इंग्रजीत ‘यू’ गाळले की काम झाले. मराठीत क्रियापदही बोलणाऱ्याला उघडे पाडते. ‘मंत्री महोदय, सांगितलं होतंत’ यात ‘तुम्ही’ शब्द नाही, पण शेवटच्या ‘त’ने वाक्य मंत्र्यांकडे वळले. ‘द्याल का?’, ‘सांगा ना’, ‘बघा जरा’ ही रूपे सगळी थेट संबोधनाची. त्यांच्या जागी ‘मंत्री महोदय देतील काय’, ‘शासन सांगेल काय’, ‘याकडे शासन लक्ष देईल काय’ ही रूपे आली पाहिजेत. विधिमंडळी प्रश्नाच्या शेवटी जो ‘काय’ ऐकू येतो तो जुन्या वळणाची हौस म्हणून टिकलेला नाही. तृतीयपुरुषी प्रश्न विचारायची ती सर्वात सोयीची रचना आहे.

दुसरा सापळा ‘आपण’ या शब्दाचा. मराठीत ‘आपण’चे दोन अर्थ आहेत: आदरार्थी ‘तुम्ही’ आणि आपण सगळे. सभागृहात पहिल्या अर्थाचे ‘आपण’ फक्त आसनावर बसलेल्या व्यक्तीचे असते. ‘अध्यक्ष महोदय, आपण मला बोलण्याची संधी दिलीत’ हे बरोबर. ‘अध्यक्ष महोदय, आपण शेतकऱ्यांची कर्जमाफी थांबवलीत’ या वाक्याने मात्र कर्जमाफी थांबवल्याचा ठपका अध्यक्षांवर जातो. बोलणाऱ्याच्या मनात मंत्री असतात, कागदावर अध्यक्ष उमटतात. ‘आपण कायदा केला पण तो राबवला नाही’ यात तर कोण हेच कळत नाही. तिथे ‘या सभागृहाने कायदा केला, शासनाने तो राबवला नाही’ असे दोन कर्ते वेगळे करावेत. भाषणाचा मसुदा तपासताना फक्त ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करत जावे. पाच पानांच्या भाषणाला पाच मिनिटे लागतात आणि सर्वात मोठी चूक तिथेच सापडते.

आसनावर कोण आहे हे पाहून संबोधन ठरते, आणि इथे आपल्याकडे पदनामांचा गुंता आहे. विधानसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात (संविधानाचा अनुच्छेद १७८), विधान परिषदेत सभापती आणि उपसभापती (अनुच्छेद १८२). लोकसभेत अध्यक्ष, राज्यसभेत सभापती, आणि राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. गोव्यात गेलात तर तिथल्या मराठीत विधानसभेच्याच प्रमुखांना ‘सभापती’ म्हणतात. शिवाय बरेच आमदार जिल्हा परिषदेतून आलेले असतात. तिथे ‘अध्यक्ष’ संपूर्ण परिषदेचा आणि ‘सभापती’ विषय समितीचा किंवा पंचायत समितीचा, म्हणजे सभापती अध्यक्षांपेक्षा खालचा. हा संस्कार घेऊन विधान परिषदेत आलेला सदस्य नकळत ‘अध्यक्ष महोदय’ म्हणतो. सर्वात जास्त घसरगुंडी मंत्र्यांची होते, कारण अनुच्छेद १७७ प्रमाणे मंत्री कोणत्याही सभागृहाचे सदस्य असले तरी दोन्हीकडे बोलू शकतात. सकाळी विधानसभेत प्रश्नोत्तरे झाली आणि दुपारी परिषदेत विधेयक मांडायचे असले की जीभ ‘अध्यक्ष’वरच अडकते. मंत्र्यांच्या टिपणीच्या पहिल्या ओळीत संबोधन ठळक अक्षरात छापून देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

अध्यक्ष नसताना तालिकेवरचे, म्हणजे आसन सांभाळण्यासाठी आधीच नेमून ठेवलेल्या यादीतले, सदस्य काम पाहतात: विधानसभेत तालिका अध्यक्ष, परिषदेत तालिका सभापती. संबोधताना ‘तालिका’ शब्द लावायचा नाही. जे आसनावर आहेत ते त्या वेळेपुरते ‘अध्यक्ष महोदय’ किंवा ‘सभापती महोदय’च. एरवी ते तुमच्या शेजारी बसणारे, तुमच्याहून वयाने लहान किंवा विरोधी पक्षातले असले तरीही. लोकसभेच्या हिंदी कामकाजात मात्र वेगळी रूढी आहे. तिथे तालिकेवरच्या सदस्याला ‘सभापति महोदय’ म्हणतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला टीव्हीवर लोकसभा चालू असूनही राज्यसभा चालू आहे असे वाटते. तालिका अध्यक्षांचा अधिकार नावापुरता नसतो. ५ जुलै २०२१ ला तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या ठपक्यावरून विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केले, ते शिक्षेच्या मुदतीवरून. आसनाचा मान तालिका अध्यक्षांनाही तेवढाच, हे तत्त्व जागच्या जागी राहिले.

‘महोदय’ हे आजचे रूप. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या आणि त्यानंतरच्या काळातली, अगदी यशवंतराव चव्हाणांची भाषणे उघडली तर ‘अध्यक्ष महाराज’ दिसते. स्त्री आसनावर असेल तर ‘अध्यक्ष महोदया’, ‘सभापती महोदया’. पदनाम तसेच ठेवायचे, लिंगभाव ‘महोदया’त येतो, ‘अध्यक्षा’, ‘सभापतीण’ अशी नवी रूपे पाडायची गरज नाही. लोकसभेला मीरा कुमार आणि त्यांच्यानंतर सुमित्रा महाजन अशा सलग दोन महिला अध्यक्ष २००९ ते २०१९ या दहा वर्षांत लाभल्या, आणि तेव्हाही पदनाम बदलले नाही.

पदनामाशी खेळ केला की काय होते ते २०२२ च्या जुलैत दिसले. काँग्रेसचे तेव्हाचे लोकसभेतले नेते अधीर रंजन चौधरी यांनी वार्ताहरांशी बोलताना राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याबद्दल ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द उच्चारला, लोकसभेत गदारोळ झाला आणि त्यांना राष्ट्रपतींची लेखी माफी मागावी लागली. त्याच वादात त्यांच्यावर टीका करणाऱ्या तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी सभागृहात राष्ट्रपतींचे नाव ‘माननीय राष्ट्रपती’ किंवा ‘श्रीमती’ न लावता घेत होत्या, असे पत्र चौधरींनी अध्यक्षांना दिले. चूक दाखवणाऱ्याचीही जीभ तापलेल्या वातावरणात तीच चूक करते, म्हणून पदनाम आणि आदरार्थी शब्द पाठच असावे लागतात. राष्ट्रपतींसाठीचे ‘महामहिम’ २०१२ मध्येच प्रणव मुखर्जींच्या काळात मागे पडले. आज ‘माननीय राष्ट्रपती’, ‘माननीय राज्यपाल’ पुरते.

प्रत्येक वाक्य आसनाकडे जाते हे लेखी उत्तरांनाही लागू आहे, आणि त्यातून एक जुनी विसंगती तयार झाली होती. महिला सदस्याने विचारलेल्या प्रश्नालाही मंत्रालयाचे उत्तर ‘नो, सर’ असे येई, कारण ते उत्तर प्रश्नकर्तीला नव्हे, सभापतींना असते. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या तेव्हाच्या राज्यसभा सदस्या प्रियंका चतुर्वेदी यांनी २०२२ मध्ये यावर आक्षेप घेतला. सचिवालयाने उत्तरे सभापतींनाच उद्देशून असतात हे स्पष्ट केले आणि पुढील अधिवेशनापासून लिंगनिरपेक्ष उत्तरे देण्याबाबत मंत्रालयांना कळवण्याचे मान्य केले. मराठीत ही अडचण आलीच नाही. आपली छापील उत्तरे ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी संबोधनाशिवायच असतात.

आता सहकाऱ्यांकडे येऊ. आपल्याकडची साधारण रूढी अशी: पदावरच्या व्यक्तीला ‘माननीय’, सदस्याला ‘सन्माननीय सदस्य’. म्हणजे ‘माननीय मुख्यमंत्री’, ‘माननीय महसूल मंत्री’, ‘माननीय विरोधी पक्षनेते’, पण ‘सन्माननीय सदस्य श्री. अमुक’, ‘सन्माननीय सदस्या श्रीमती अमुक’. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ असेल तर ‘श्री.’च्या जागी ते येते, ‘श्री. डॉ.’ असे दोन्ही लावत नाहीत. शेतकरी कामगार पक्षातले सहकाऱ्याच्या नावाआधी ‘भाई’ लावतात, कम्युनिस्ट ‘कॉम्रेड’, आणि बाकीच्यांनीही त्या सदस्यांचा उल्लेख तसाच करण्याची चाल पडली. ‘नामदार’ हा ‘ऑनरेबल’चा जुना मराठी अवतार. कायदेमंडळात गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना ‘नामदार गोखले’ म्हणत ते त्यामुळेच. आज ‘ना.’ हा मंत्र्यांच्या नावाआधी निमंत्रणपत्रिकेवर आणि कोनशिलेवर असतो, सभागृहातल्या भाषणात त्याला जागा नाही. ‘आमदार साहेब’ हेही मतदारसंघातले संबोधन, आत ‘सदस्य’. कागदोपत्री ‘वि.स.स.’ (विधानसभा सदस्य) आणि ‘वि.प.स.’ (विधान परिषद सदस्य).

मंत्र्यांचा उल्लेख खात्याने करावा, नावाने नव्हे, कारण उत्तराची जबाबदारी खात्याची आहे. खातेबदल झाला असेल तर ‘तत्कालीन’ लावल्याशिवाय वाक्य सोडू नये. नाहीतर जुन्या निर्णयाचा जाब नव्या मंत्र्यांकडे मागितल्यासारखे होते आणि ते आनंदाने ‘माझ्या काळातले नाही’ म्हणून बसतात. जुलै २०२३ मध्ये राज्यात दोन उपमुख्यमंत्री झाले तेव्हा नुसते ‘माननीय उपमुख्यमंत्री’ म्हणून भागेना. अशा वेळी ‘माननीय उपमुख्यमंत्री तथा वित्त मंत्री’ असे खाते जोडावे लागते.

नाव घ्यायचे की नाही? ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकनियुक्त सभागृहात, सदस्य एकमेकांचे नाव घेतच नाहीत. स्वपक्षाचा असेल तर ‘माझे सन्माननीय मित्र’, दुसऱ्या पक्षाचा असेल तर ‘अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य’, प्रिव्ही कौन्सिलचा (राजाच्या सल्लागार मंडळाचा) सदस्य असेल तर वरचढ ‘राइट ऑनरेबल’. वकिलीतल्या ज्येष्ठांना ‘विद्वान’ आणि सैन्यातून आलेल्यांना ‘शूर’ अशी जोड देण्याची पद्धत आता मागे पडली आहे. तिथे अध्यक्षांनी शिस्तीच्या बाबतीत एखाद्याचे नाव घेणे ही कारवाईची सुरुवात असते. ‘नेम करणे’ हा शब्दच त्यातून आला. तिथल्या दुसऱ्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, तर संबोधन अध्यक्षांना नसून ‘माय लॉर्ड्स’ असे सगळ्या सभागृहाला असते.

आपण तत्त्व घेतले, पण नावाची बंदी घेतली नाही. अध्यक्ष सदस्याला नावाने पुकारतात, सदस्यही ‘सन्माननीय सदस्य श्री. अमुक’ म्हणून नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मतदारसंघावरून माणूस ओळखण्याची सवय नाही आणि परिषदेतल्या कित्येक सदस्यांना मतदारसंघच नसतो. उलट नाव न घेतल्याने नुकसान होते. प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातले बोलणे शब्दशः टिपणारे कर्मचारी, ठराविक मिनिटांनी बदलतात. आधीच्या प्रतिवेदकाच्या कागदावर नाव आले आणि नव्याच्या कागदावर तुम्ही ‘ते म्हणाले’, ‘त्यांनीच सांगितले’ एवढेच म्हणत राहिलात, तर ‘ते’ कोण हे त्याला विचारत फिरावे लागते. म्हणून नियम असा ठेवावा: पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, पुढे ‘सन्माननीय सदस्य’, आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा उल्लेख आला की पुन्हा पूर्ण नाव.

नुसते आडनाव तर कधीच नको. सभागृहात पाटील, देशमुख, पवार, शिंदे किती असतात ते मोजून पाहा. पूर्ण नावही कधी पुरत नाही. राष्ट्रवादीचे जयंत पाटील मंत्री म्हणून परिषदेत उत्तर द्यायला उभे राहत, आणि समोर प्रश्न विचारायला शेकापचे जयंत पाटील असत. अशा ठिकाणी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर किंवा ‘मंत्री’, ‘सदस्य’ हा शब्दच छापील नोंदीला गोंधळातून वाचवतो.

‘दादा’, ‘भाऊ’, ‘ताई’, ‘आबा’, ‘अण्णा’ यांचे काय? महाराष्ट्राच्या राजकारणात ही नावेच होऊन बसली आहेत. आर. आर. पाटलांना आणि सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना, दोघांनाही ‘आबा’च म्हणत. भाषणाच्या ओघात एखादा ‘आबा’ येणे गैर नाही, त्याने वातावरण निवळतेही. पण दोन ठिकाणी ते टाळावे. आसनावरच्या व्यक्तीला ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हटले की त्यांचा तटस्थपणा ऐकणाऱ्याला कमी वाटू लागतो. आणि आरोप किंवा आकडेवारीच्या वाक्यात नात्याचा शब्द घातला तर दहा वर्षांनी कामकाज वाचणाऱ्याला कोणते ‘भाऊ’ हे कळणार नाही. नाते जोडायचे असेल तर ते प्रस्तावनेत जोडावे, मागणीत नाही.

आता जिथे सर्वात जास्त बिघडते ते: आरोप. लोकसभेचा नियम ३५२ दुसऱ्या सदस्याच्या हेतूवर किंवा प्रामाणिकपणावर शंका घेणारा वैयक्तिक उल्लेख करू देत नाही. नियम ३५३ प्रमाणे कुणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते. ओळ अशी आखलेली आहे: कृतीवर कितीही कठोर बोला, हेतूवर बोलायचे तर रीतसर मार्गाने या. ‘मंत्री खोटे बोलतात’ चालत नाही, कारण खोटेपणात हेतू आहे. ‘मंत्री महोदयांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही’ चालते. ‘जाणीवपूर्वक दिशाभूल’ यातला ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द भाषणात नव्हे, हक्कभंगाच्या (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याच्या) सूचनेत लिहायचा. लोकसभेत तर मंत्र्यांच्या विधानातली चूक दाखवायला अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली स्वतंत्र वाट आहे: आधी अध्यक्षांना लेखी कळवायचे, परवानगी मिळाली की सदस्याचे निवेदन आणि त्यावर मंत्र्यांचे.

हा एक शब्द किती वजनाचा असतो ते ३१ जानेवारी २०२२ ला कॉमन्समध्ये दिसले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाची दिशाभूल केली हे विधान स्कॉटिश नॅशनल पार्टीचे तेव्हाचे कॉमन्समधले नेते इयन ब्लॅकफर्ड यांनी मागे घ्यावे किंवा त्यात ‘अनवधानाने’ असे जोडावे, असे अध्यक्ष लिंडसे हॉइल वारंवार सुचवत होते. ब्लॅकफर्ड नमले नाहीत, आणि शेवटी त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले.

सगळे एकत्र पाहण्यासाठी एक उपप्रश्न, म्हणजे छापील उत्तरावर सभागृहात विचारला जाणारा पुढचा प्रश्न, घेऊ. समजा पुलाच्या रखडलेल्या कामाचा विषय आहे आणि सदस्य असे म्हणतात:

‘मंत्रीसाहेब, मागच्या वेळी तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत की मार्चपर्यंत पूल करतो. खोटं बोललात तुम्ही. तो तुमचा कार्यकारी अभियंता वर गॅलरीत बसलाय, त्याला आधी घरी पाठवा.’

इथे वाक्य मंत्र्यांकडे गेले. ‘खोटं’ आले, म्हणजे ते काढून टाकले जाईल. अधिकाऱ्याचा एकेरी आणि व्यक्तीशी जोडणारा उल्लेख झाला. लोकसभेच्या नियमांत शासकीय अधिकाऱ्याचे नाव घेण्याला आणि प्रेक्षागृहात बसलेल्यांकडे निर्देश करण्याला स्पष्ट मनाई आहे, कारण त्या माणसाला तिथे उभे राहून उत्तर देता येत नाही. आणि एवढे होऊन प्रश्न विचारलाच गेला नाही! मंत्री फक्त ‘मी खोटे बोललो नाही’ म्हणतील आणि बसतील. तोच राग, तीच माहिती, अशी मांडता येते:

‘अध्यक्ष महोदय, माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी मागील अधिवेशनात याच सभागृहात आश्वासन दिले होते की, हा पूल मार्चअखेर पूर्ण होईल. आजच्या छापील उत्तरात काम निम्मेही झाले नसल्याचे नमूद आहे. अध्यक्ष महोदय, माझा आपल्यामार्फत प्रश्न आहे की, ते आश्वासन कोणत्या माहितीच्या आधारे दिले गेले, ती माहिती चुकीची असल्यास ती पुरवणाऱ्यांची जबाबदारी निश्चित करणार काय, आणि काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार?’

दुसरे बोलणे सौम्य नाही. ते जास्त अडचणीत टाकणारे आहे. मंत्र्यांची दोन विधाने शेजारी-शेजारी ठेवली गेली, ‘आश्वासन’ हा शब्द वापरल्याने मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीला धागा मिळाला, आणि तीन वेगळी उत्तरे मागितली गेली. त्यातला एकही शब्द कामकाजातून काढता येत नाही. माझ्या मते संसदीय भाषेचा खरा फायदा हाच आहे. जो शब्द काढला जाणार तो बोलण्यात वेळ का घालवावा?

शब्द काढणे म्हणजे काय तेही समजून घ्यावे. लोकसभेत नियम ३८० प्रमाणे बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अप्रतिष्ठित शब्द अध्यक्ष काढायला सांगतात आणि छापील कामकाजात त्या जागी तारांकन आणि तळटीप येते. काढलेले शब्द वर्तमानपत्राने छापले तर तो हक्कभंग होऊ शकतो, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केले. नावाच्या जागी तारे आले की बहुतेक वेळा अख्ख्या वाक्याचा अर्थ जातो.

असंसदीय शब्दांच्या यादीबद्दल लोक नेहमी विचारतात. लोकसभा सचिवालय अशी संकलने काढते. २०२२ च्या जुलैत ‘जुमलाजीवी’सारख्या शब्दांवरून गदारोळ झाला तेव्हा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी कोणत्याही शब्दावर बंदी घातलेली नाही असे सांगितले, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. ती पूर्वी काढलेल्या शब्दांची नोंद असते. कोणता शब्द काढायचा ते त्या-त्या वेळी, संदर्भ पाहून, आसन ठरवते. संदर्भ सोडून यादी चालवली की काय होते याचे उदाहरण नाशिकचे. ‘गोडसे’ हा शब्द असंसदीय शब्दांत गणला गेला होता, आणि नाशिकचे खासदार होते हेमंत गोडसे. आपले आडनावच असंसदीय कसे, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. २०१५ मध्ये अध्यक्षा म्हणून सुमित्रा महाजन यांनी आडनाव यादीतून मोकळे केले. (मी इथे ‘अध्यक्षा’ लिहिले तसे बातमीच्या भाषेत चालते, सभागृहातले संबोधन वर सांगितले तसेच.)

सभागृहाबाहेरच्या व्यक्तींचे उरलेले नियम थोडक्यात. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यातील वर्तनावर विधिमंडळात चर्चा नाही (अनुच्छेद २११, संसदेसाठी १२१, तिथे फक्त पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर). राष्ट्रपतींचे नाव चर्चेचे पारडे झुकवण्यासाठी वापरायचे नाही. दुसऱ्या सभागृहातली भाषणे, मंत्र्यांचे धोरणात्मक निवेदन सोडून, उद्धृत करायची नाहीत. उल्लेख टाळता येत नसेल तर ‘दुसऱ्या सभागृहात’ एवढेच. ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ सभागृह हे शब्द वर्तमानपत्रांना सोडावेत, कनिष्ठ म्हणवून घेणे २८८ निवडून आलेल्यांना आवडत नाही आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. आणि हे सगळे संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आहे (अनुच्छेद १९४). विधान भवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर बोललेल्याला ते गृहीत धरू नये.

‘अध्यक्ष महोदय’ किती वेळा म्हणायचे? एका उच्चाराला साधारण सेकंद जातो. पाच मिनिटांच्या भाषणात प्रत्येक वाक्यापुढे ते आले तर चाळीस-पन्नास सेकंद गेले, म्हणजे एक पूर्ण मुद्दा. त्याची नेमकी जागा ठरलेली असावी: सुरुवातीला, मुद्दा बदलताना, कठोर वाक्याच्या आधी आणि शेवटच्या मागणीला. मुद्दा बदलताना म्हटले की प्रतिवेदकालाही परिच्छेद कुठे पाडायचा ते कळते. याशिवाय एक जागा फार उपयोगाची: समोरून कुणी मध्येच बोलले की. त्या सदस्याकडे न वळता ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून आसनाकडे पाहावे आणि अर्धवट वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घ्यावे. समोरच्याला उत्तर दिले तर त्याचे बोलणेही कामकाजात येते. दिले नाही तर बहुधा ‘(अडथळा)’ एवढेच राहते. आणि अध्यक्ष उभे राहिले की वाक्य कुठेही असो, खाली बसायचे.

भाषण झाल्यावर काम संपत नाही. कामकाजाची असुधारित प्रत मिळते ती वाचावी. त्यात ऐकण्याच्या चुका, चुकलेली आडनावे, आकडे, ‘तत्कालीन’ गळालेले उल्लेख दुरुस्त करून देता येतात. आशय बदलता येत नाही: बोललेला ‘तुम्ही’ खोडून तिथे ‘शासन’ बसवता येत नाही. प्रत वाचताना आधी स्वतःची वाक्ये नव्हे, इतर सदस्यांची तुम्ही घेतलेली नावे तपासावीत.